अडीचकीचा हात

तहसीन मुलाणीचा निकाल राखीव ठेवला असल्याचे महिंद्रकरबाईंनी मला फोनवर सांगितले, तेव्हा मी शर्टाची बटणे लावत होतो. हे काम हल्ली मला बराच वेळ पुरते. फोन खांद्याशी दाबून धरला आणि ऐकत राहिलो.

"सर, बसून ऐका," त्या म्हणाल्या. "तिच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत दुसऱ्याच कुणीतरी हात चालवला, असं विद्यापीठाचं म्हणणं आहे."

"कुणी?"

"तुम्ही."

महिंद्रकरबाई आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख आहेत. त्याआधी त्या माझ्या विद्यार्थिनी होत्या. त्यामुळे त्या मला सर म्हणतात, पण वागवतात घरातल्या हट्टी म्हाताऱ्यासारखे. मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. सीनाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी नवे शिक्षक येत नाहीत, आलेच तर टिकत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स अजून माझ्याकडे आहेत. आपण चांगले शिकवतो असे मला कधी वाटले नाही. वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नसे. प्रयोगशाळेत फार बोलावे लागत नाही, करून दाखवले की भागते. म्हणून मी प्रयोगशाळा धरून राहिलो.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तो आरोप ऐकून रागावला असता. मला पहिली शंका आली ती अशी, की मी खरेच काही केले तर नसेल? परीक्षेच्या दिवशी मी इमारतीत होतो. प्रयोगशाळेला लागून असलेल्या तराजूच्या खोलीत पुस्तक वाचत बसलो होतो. तिथून उठलो नव्हतो. तरी शेवटचे बटण लागेपर्यंत मी त्या दिवसाची मनातल्या मनात झडती घेत होतो.

रसायनशास्त्राशी ज्यांचा संबंध दहावीनंतर सुटला, त्यांच्यासाठी इथे थोडे सांगायला हवे.

ब्युरेट म्हणजे खुणा केलेली एक लांब, उभी काचेची नळी. तिच्या तळाशी तोटी असते. नळीत अल्कली भरायची, खाली फ्लास्कमध्ये मोजून आम्ल घ्यायचे आणि त्यात रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे. डाव्या हाताने तोटी उघडत थेंब सोडायचे आणि उजव्या हाताने फ्लास्क गोल हलवत राहायचे. आम्ल संपते त्या क्षणी फ्लास्कमधले पाण्यासारखे द्रावण फिकट गुलाबी होते. एक थेंब जास्त पडला तरी रंग गडद होतो आणि प्रयोग वाया जातो. याला टायट्रेशन म्हणतात. तेच तीनदा करायचे आणि तिन्ही वेळा आकडा सारखा यावा, अशी अपेक्षा असते.

तो सारखा येत नसे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो बसवला. उत्तर किती येते हे वरच्या वर्गातली मुले सांगत. त्यावरून उलटा हिशेब करून तीन शहाण्यासारखे आकडे वहीत लिहायचे, याला "रीडिंग बसवणे" म्हणत. त्यात कोणालाच गैर वाटत नसे. बाहेरून येणारे परीक्षकही आपापल्या काळी तेच करून आले होते.

हे थांबावे म्हणून दहा वर्षांपूर्वी विद्यापीठाने प्रत्येक टेबलावर नोंदक बसवला. हा एक लहानसा संगणक. ब्युरेटच्या टोकाखाली प्रकाशाची बारीक तिरीप असते, थेंब पडला की ती तुटते आणि थेंब मोजला जातो. फ्लास्कमधल्या काचेच्या कांडीवरून द्रावण किती आम्लधर्मी उरले आहे ते कळते. तोटीत एक कडे असते, तोटी किती अंशांनी फिरली ते हे कडे सेकंदाला हजार वेळा टिपते. मुलांनी काही लिहायचेच नाही. सगळे आकडे थेट विद्यापीठात जातात.

आकडे बसवणे संपले. पण आकड्यांचा एवढा ढीग साठला, की त्यात कोणाला काय सापडेल याचा नेम राहिला नाही. तिथल्या एका संशोधिकेच्या लक्षात आले, की दोन माणसे तोटी सारखी फिरवत नाहीत. कोणी हळूहळू मंदावतो, कोणी शेवटपर्यंत सुसाट जातो आणि एकदम घाबरून थांबतो. कोणी तीन थेंबांनंतर श्वास घेतो. दुरून येणारा माणूस चालीवरून ओळखावा, तसा नुसत्या आलेखावरून हात ओळखता येतो. मग परीक्षेत एकाच्या जागी दुसरा बसला तर यंत्र सांगू लागले. काही ठिकाणी मोठाल्या टोळ्या पकडल्या गेल्या. तेव्हापासून परीक्षकाच्या सहीपेक्षा यंत्राचा शब्द मोठा झाला.

विद्यापीठ शिक्षकांचे सगळे आकडे जपून ठेवते, मुलांचे मात्र फक्त शेवटच्या परीक्षेतले, त्यामुळे तहसीनचा हात यंत्राला आधी माहीत नव्हता. तिच्या परीक्षेतला हात त्याने माझ्या नावावर टाकला होता.

महाविद्यालयात पोचलो तेव्हा तहसीन विभागाच्या दारात उभी होती. स्टेशनरोडला तिच्या वडिलांचे फोटोफ्रेमचे दुकान आहे. मुलगी उंच, बोलायला मोकळी. पहिल्या वर्षाला ती उशिरा दाखल झाली होती आणि तिची बुडालेली प्रॅक्टिकल्स मी शनिवारी दुपारी एकटीला बसवून पूर्ण करून घेतली होती. त्याला आता दोन वर्षे होऊन गेली.

"सर, मी काय केलं नाही ओ," ती म्हणाली. "तुम्ही तर टेबलाजवळ आला पण नव्हता. सांगा की मॅडमना."

"मॅडमना माहीत आहे, बाई," महिंद्रकरबाई आतून म्हणाल्या. "मॅडमना माहीत असून उपयोग काय? आत या दोघं. आणि तहसीन, रडायचं असेल तर आधी रडून घे. चौकशी गुरुवारी आहे, तिथं रडलीस तर कबुली समजतील."

"मी रडणार नाही," तहसीन म्हणाली आणि तिने ओढणीने नाक पुसले.

बाईंनी सगळे समजावून सांगितले. आरोप टिकला तर तहसीनला पाच वर्षे कुठलीही परीक्षा देता येणार नाही. एम.एस्सी.च्या यादीत तिचे नाव लागले होते, निकाल हातात आला नाही तर महिनाअखेर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. गुरुवारी विद्यापीठातून डॉ. नाडगौडा येतील. आधी तहसीनला सर्वांसमोर एक टायट्रेशन करायला लावतील. तिचा हात परीक्षेतल्या हाताशी जुळला तर प्रकरण मिटले.

"आणि नाही जुळला तर?" तहसीनने विचारले.

"तुझाच हात आहे, तर जुळेल की!" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "नाही जुळला, तर सरांना बसवतील. सर तयार असले तर. सक्ती नाही."

तहसीन मोकळेपणाने हसली. "सरांचा हात काय, घड्याळ आहे. बसतील की सर."

मी खिडकीबाहेर पाहिले.

माझी अडचण मी कोणाला सांगितली नव्हती. प्रत्येकाचा हात थोडा थरथरतो, सेकंदाला आठ ते बारा वेळा, पण इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. काही विकारांत ही थरथर संथ होते आणि मोठी होते. माझ्या हाताचे तसे झाले होते. नोंदक सेकंदाला हजार वेळा पाहतो, त्याच्यापासून हे लपत नाही. मध्यंतरी काही प्रयोगशाळांत आम्ल सांडून अपघात झाले, तेव्हा नियम आला, की हात ठरावीक मर्यादेपलीकडे थरथरला तर टेबलावरचा दिवा लाल होतो, तोटी बंद पडते आणि त्या माणसाचे नाव प्रयोगशाळेतून कायमचे कमी होते. नियम योग्यच आहे. मी समितीवर असतो तर मीही हेच मत दिले असते.

म्हणून गेले वर्ष-दीड वर्ष मी ब्युरेटला हात लावलेला नव्हता. "आता तुम्ही करा, मी बघतो," असे मुलांना सांगत होतो. महिंद्रकरबाईंनी वार्षिक अहवालात ही विद्यार्थिकेंद्रित पद्धत म्हणून नोंदवली होती.

संध्याकाळी कुमुदने चहा आणला.

"अर्धाच दे," मी म्हणालो. "ॲसिडिटी होते."

"इतकी वर्षं ॲसिड तुमच्या फ्लास्कात होतं, आता पोटात आलं होय?" माझ्या बायकोने कप समोर ठेवला. अर्धाच भरला होता. "गोळ्या पुस्तकांच्या मागे ठेवता. या घरात पुस्तकांवरची धूळ कोण झटकतं?"

तिने समोरची खुर्ची ओढून घेतली.

"महिंद्रकरणीचा फोन येऊन गेला. मला सगळं कळलंय. तुम्ही बसलात तर काय जाईल?"

"प्रयोगशाळा."

"आणि नाही बसलात तर त्या पोरीचं काय जाईल?"

"पाच वर्षं. पण तिचा हात जुळेलच, कुमुद. माझ्यापर्यंत गोष्ट येणारच नाही."

"आणि आली तर?"

"विचार करतोय."

"ते तर तुम्ही लग्नाआधीपासून करताय," ती म्हणाली आणि भाजी निवडायला निघून गेली.

मी खरोखर विचार करत होतो आणि त्या विचाराची मला लाज वाटत होती. प्रयोगशाळा गेली तर मी काय करणार, हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग वेगळाच होता. माझा हात हीच माझ्यातली एक खात्रीची गोष्ट होती. बाकी सगळ्याबद्दल मला शंका होती, हाताबद्दल नव्हती. तो गेल्याचे मला माहीत होते, पण ते अजून कुठे नोंदवले गेले नव्हते. न नोंदवलेली गोष्ट पूर्ण खरी नसते, असे काहीतरी माझ्यासारख्या माणसाला वाटत राहते. आयुष्यभर मुलांना मी याच्या उलट शिकवत आलो होतो.

गुरुवारी डॉ. नाडगौडा आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हलक्या आवाजात बोलणाऱ्या. हात ओळखण्याची पद्धत ज्यांनी शोधली त्या ह्याच, हे मला तेव्हा कळले. नमस्कार झाल्यावर त्या माझ्याकडे कुतूहलाने पाहत राहिल्या.

"उपळेकर सर, मी तुम्हाला पहिल्यांदाच बघतेय. पण तुमचा हात मला चांगला ओळखीचा आहे."

"माझा?"

"विद्यार्थ्यांना दाखवते मी तो. आमच्याकडे हजारो हात आहेत. इतका शांत हात दुसरा नाही. मधेच एक छोटा विराम येतो, पुन्हा येतो, ठेका धरल्यासारखा. तो कशामुळे येतो, ते मला आजतागायत समजलेलं नाही."

मलाही ते समजले नव्हते. मी काहीतरी पुटपुटलो आणि भिंतीकडे जाऊन उभा राहिलो.

तहसीन टेबलाशी गेली. तिने ब्युरेट धुतली, भरली, टोकातला हवेचा बुडबुडा काढला. सगळे नीट चालले होते. मग तिने तोटीवर हात ठेवला आणि मला खटकले. काय खटकले ते कळेना. ती ताठ उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. थेंब पडू लागले. एकसारखे, जरा घाईचे. शेवटाकडे ती अडखळली, तोटी दोनदा उघडली, मिटली. फ्लास्क गुलाबी झाला, हवा त्यापेक्षा थोडा जास्तच. तीनदा तेच झाले.

डॉ. नाडगौडांनी पडद्यावर दोन आलेख एकावर एक ठेवले. ते एकमेकांवर बसत नव्हते, हे माझ्या चष्म्यातूनही दिसत होते.

"नाही जुळत," त्या म्हणाल्या. त्यांना आनंद झालेला नव्हता.

"घाबरली आहे ती," महिंद्रकरबाई म्हणाल्या. "पाठीशी चार माणसं उभी. पुन्हा करू द्या."

"घाबरलेला हात आम्ही हिशेबात धरतो, मॅडम. हा वेगळाच हात आहे. आणि उमेदवाराची चाचणी एकदाच घेता येते. पुन्हा पुन्हा दिली तर माणूस सराव करून दुसऱ्याचा हात उचलतो." त्या माझ्याकडे वळल्या. "आता एकच मार्ग उरतो. सरांचा आजचा हात. तो परीक्षेतल्या हाताशी जुळला नाही, तर परीक्षा सरांनी दिली असं म्हणता येणार नाही. तो हात बेवारस ठरेल. आणि बेवारस हाताचा मालक शोधायला मी कितीही चाचण्या घेऊ शकते, तहसीनचीसुद्धा. पण सरांवर बंधन नाही."

"दहा मिनिटं द्या," मी म्हणालो आणि तराजूच्या खोलीत गेलो.

तिथे नेहमीचे स्टूल होते, त्यावर बसलो. काचेच्या पेट्यांत तराजू शांत उभे होते. मागोमाग तहसीन आली. दारातच थांबली.

"सर, माझा हात का नाही जुळला? मीच केलं होतं ओ परीक्षेत. अल्लाशपथ."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "आज तुझं काहीतरी वेगळं होतं. ओठ का मिटले होतेस तू?"

ती खाली बघू लागली. "अम्मी म्हणली, तिथं पुटपुटू नको. पाठ करून आलीय म्हणतील."

"काय पुटपुटतेस तू?"

"तुमचंच, सर."

"माझं?"

"थेंब सोडताना तुम्ही म्हणता ना. अडीच, पाच, साडेसात, दहा. शनिवारी तुमच्या शेजारी उभी असायची, तेव्हा ऐकलं. मला वाटलं थेंब मोजायची पद्धत असेल. पण साडेसात थेंब कसे पडतील? लई डोकं खाजवलं मी. मग तुमच्या बोटाकडं बघितलं, तर साडेसात म्हणताना तुम्ही तोटी गर्रकन फिरवून बंद करता. अर्धाच थेंब येतो. म्हटलं, असं आहे होय! मग मी पण शिकले. महिनाभर घरी नळाच्या तोटीवर केलं. अब्बा म्हणायचे, नळ मोडशील."

विद्यार्थी असताना परीक्षक मागे येऊन उभे राहिले की माझे काळीज धडधडे. तेव्हा हात स्थिर ठेवायला मी अडीचकी म्हणायला लागलो. लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेला अडीचचा पाढा: एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात, चार अडीच दहा. पुढे परीक्षक राहिले नाहीत, पाढा राहिला. तो ओठांबाहेर येतो हे मला माहीत नव्हते. साडेसातला बोट अर्धा थेंब तोडते हे तर मुळीच माहीत नव्हते. ब्युरेटचा अर्धा थेंब ही कसबाची गोष्ट. मी ती कोणाला शिकवली नव्हती, कारण मला ती येते हेच मला ठाऊक नव्हते.

"मी महिंद्रकर मॅडमना पण विचारलं होतं, की सर कसला मंत्र म्हणतात," तहसीन म्हणाली. "मॅडम नुसत्या हसल्या."

"त्यांनीही ऐकला असेल."

"सर, मग आता तुम्ही बसा ना. तुमचा जुळेल, मग..." तिच्या लक्षात आले. "तुमचा जुळला तर मी गेलेच की ओ."

"जुळणार नाही."

"का?"

मी डावा हात पुढे केला. नुसता धरला हवेत, तोटी धरावी तसा. तो आपले काम करू लागला. तहसीन थोडा वेळ बघत राहिली. मग तिने नजर काढून तराजूंकडे नेली.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"म्हणून तुम्ही 'आता तुम्ही करा' म्हणता?"

"हो."

"सर, मग नका बसू," ती म्हणाली. "दिवा लाल होईल. तुमचं नाव जाईल."

ती हे मनापासून म्हणाली नसावी, असा संशय मला आधी आला. मला तसे संशय येतात. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो संशय मी काढून टाकला. पाच वर्षे पणाला लागलेली असताना ती मला नको म्हणत होती. जवळ ॲप्रन नव्हता म्हणून तिचाच मागितला. तिने तो काढून दिला आणि मी बाह्या घालू लागलो तेव्हा मागून धरला.

प्रयोगशाळेत महिंद्रकरबाई आडव्या आल्या. "सर, खरंच गरज नाही. वकील बघू आपण. वेळ लागेल, पण—"

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारले.

"अहवालात काहीतरी लिहावं लागतं ना, सर," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मी टेबलाशी उभा राहिलो. तोटी धरली. मनातल्या मनात सुरुवात केली, एक अडीच अडीच. पहिले थेंब बरे पडले असे मला वाटले. पडद्यावर मात्र माझ्या हाताची रेष करवतीसारखी दातेरी उमटत होती. साडेसातला बोट वळले, पण अर्ध्याच्या जागी तीन थेंब गेले. फ्लास्क एकदम जांभळट गुलाबी झाला, पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातून होतो तसा. मी फ्लास्क हलवत राहिलो. मग दिवा लाल झाला आणि तोटीत बारीकशी खट्‌ झाली. ती आता फिरत नव्हती.

डॉ. नाडगौडांनी आलेखाकडे बराच वेळ पाहिले. त्या माझ्याकडे पाहायला धजत नसाव्यात.

"परीक्षेतला हात हा नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यात अशी थरथर कुठंच नाही. ही लपवता येत नाही आणि परीक्षेनंतरच्या एवढ्या थोड्या दिवसांत येतही नाही. ही परीक्षा उपळेकर सरांनी दिलेली नाही. तसं लिहून घेते." त्यांनी लिहून घेतले. "आता तो हात बेवारस. शास्त्रज्ञ म्हणून विचारते, सर, मग तो कुणाचा?"

मी सांगितले. अडीचकीचे सांगताना मला फार संकोच वाटला. तीन-चार माणसांसमोर आपला जुना भित्रेपणा उलगडून दाखवायचा, तोही पाढ्यासकट. डॉ. नाडगौडांनी मला मध्येच थांबवले.

"एकदा म्हणून दाखवता?"

मी म्हणून दाखवला. त्यांनी पेनने टेबलावर ठेका धरला. मग हसल्या. लहान मुलीसारख्या हसल्या. "हा तो विराम! सात वर्षं झाली मला, याचं गणित मांडतेय."

तहसीन पुन्हा टेबलाशी गेली. दुसऱ्या टेबलाशी, कारण पहिले बंद पडले होते. या वेळी तिने कोणाकडे पाहिले नाही. ओठ हलू लागले, मग आवाजही ऐकू येऊ लागला. तिची अडीचकी निराळ्याच चालीवर होती, आमच्या घरी म्हणत त्यापेक्षा जरा हेल काढलेली, पण आकडे तेच. थेंब पडत गेले, थांबले, पडत गेले. साडेसातला तिचे बोट गर्रकन फिरले आणि टोकाला लोंबणारा अर्धा थेंब तिने फ्लास्कच्या काठाला टेकवून घेतला. रंग आला तो असा, की पांढरा कागद मागे धरल्याशिवाय दिसू नये.

आलेख परीक्षेतल्या आलेखावर बसला. डॉ. नाडगौडांनी माझा आठ वर्षांपूर्वीचा आलेख त्यावर ठेवला. तोही बसला. पडद्यावर तीन रेषा होत्या आणि एकच दिसत होती.

मी ॲप्रन काढून तहसीनला परत दिला. त्याच्या खिशाला बटण होते, ते तिनेच लावून घेतले.

तहसीनचा निकाल आठवडाभरात लागला. ती एम.एस्सी.ला गेली. मी घरी असतो आणि कुमुद चहाचा कप पूर्ण भरते. सांडलेला बशीतून पितो.

महिनाभराने महिंद्रकरबाईंनी बोलावून घेतले. त्यांच्या हातात टॅब होता.

"सर, एक गंमत झालीय. गंमत म्हणावी की नाही, माहीत नाही. विद्यापीठाचं यंत्र एका हाताला दोन मालक मानत नाही. तुमच्या नावावरचा जुना हात आता तुमच्याशी जुळत नाही, तहसीनशी जुळतो. म्हणून त्यानं सगळी नोंद तिच्या नावावर करून टाकलीय. मागची दहा वर्षंसुद्धा."

"दहा वर्षं? ती तेव्हा शाळेत असेल."

"पाचवीत होती. यंत्राच्या हिशेबानं तिनं पाचवीत असताना आपल्या बी.एस्सी.च्या मुलांना टायट्रेशन करून दाखवलं. तुमचं नाव कुठंच उरत नाही." त्या चिडल्या होत्या. "नाडगौडा मॅडम म्हणाल्या, सरांनी आक्षेप नोंदवला तर मी माणूस बसवून सगळं दुरुस्त करून घेईन. आक्षेप नसेल तर तसं इथं सही करून कळवायचं. आपण आक्षेप घेऊ. मी लिहून ठेवलाय."

मी यादी पाहिली. एका वर्षाखाली दुसरे वर्ष, माझ्या साऱ्या दुपारी तिथे होत्या आणि प्रत्येकीपुढे तहसीन इस्माईल मुलाणी असे नाव होते. ते चूक होते. तरी आपण कोणाला काही शिकवले का, या माझ्या जुन्या शंकेला असे लेखी उत्तर कधी मिळाले नव्हते आणि आता मिळाले ते दुरुस्त करायचे मला जिवावर आले.

"आक्षेप नाही," मी म्हणालो. "सही कुठे करायची?"

त्यांनी जागा दाखवली. मी बोटाने सही केली. टॅबने आवाज केला. पुन्हा केली. पुन्हा आवाज झाला.

"सही जुळत नाही म्हणतंय, सर."

"साहजिक आहे."

"मग अंगठा लावावा लागेल." त्यांनी मान वळवून डोळे पुसले आणि टॅब माझ्यापुढे धरला.

मी अंगठा लावला. तो जुळला.